रंग आधीच फेकू नका: छोट्या कॅमेऱ्यातून ब्लॅक अँड व्हाइट काढताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की ओळखीपाळखीतली मुलंमुली मला फोटो दाखवायला येतात. कॅमेरा छोटा, खिशात मावणारा. बोरा बाजारातून सेकंडहँड घेतलेला, नाहीतर घरातल्या कपाटात पडून राहिलेला. फोटो ब्लॅक अँड व्हाइट. तक्रार एकच, की फोटो मरगळलेला दिसतो. लगेच पुढचा प्रश्न: कुठल्या कॅमेऱ्यासाठी पैसे साठवू? मी फोटो बघते आणि त्याच त्या चुका निघतात, म्हणून आता त्या लिहूनच काढते. नवा कॅमेरा यातल्या एकाही चुकीवरचा इलाज नाही.

फक्त मोनोक्रोम जेपेग काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. मेनूत जाऊन मोनोक्रोम (एकरंगी, म्हणजे काळंपांढरं) निवडलं, फाइल जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच शिजवून दिलेली, ठेवली आणि पडद्यावर सगळं काळंपांढरं दिसायला लागलं, की माणूस खूश. कॅमेऱ्याने मात्र प्रत्येक फोटोतला रंग तिथल्या तिथे टाकून दिलेला असतो.

माझा भाचा हरतालिकेच्या पहाटे दादरच्या फूलबाजारात गेला होता. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, तरी पोराने धीर धरून चांगलं काम केलं. त्यातल्या एका फोटोवर मी थांबलेच. जमिनीवर बसलेली एक बाई, तिच्यासमोर जास्वंदीचा ढीग, शेजारी दुर्वांच्या जुड्या आणि दोन्हींच्या मधोमध पैसे मोजणारे तिचे हात. मांडणीत काही काढण्या-घालण्यासारखं नव्हतं. पण जास्वंद कुठे संपते आणि दुर्वा कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. दोन्ही मिळून एकच मळकट करडा ढीग.

"मावशी, यातला लाल जरा वर कर ना."

"लाल आहेच कुठे यात? तो तू बाजारातच सोडून आलास."

असं का होतं, ते आकड्यांत सांगते. रंगीत फोटो करडा करण्याच्या नेहमीच्या सूत्रात लालाचा वाटा साधारण ३० टक्के, हिरव्याचा ५९ आणि निळ्याचा ११ टक्के असतो. समजा, जास्वंदीच्या पाकळीचे आकडे लाल २००, हिरवा २० आणि निळा ३० आहेत. तिचा करडा येतो ७५. दुर्वांचे आकडे लाल ६०, हिरवा १००, निळा ४० धरा. त्यांचा येतो ८१. एकूण २५६ पायऱ्यांच्या शिडीवर ७५ आणि ८१ यांतला फरक डोळ्याला फारसा दिसत नाही. डोळ्यांनी पाहताना एकमेकांवर उठून दिसणारे दोन रंग कागदावर जुळे होऊन बसतात. हिरवी नऊवारी आणि तिचा लाल काठ, झाडाखाली उभी असलेली बेस्टची लाल बस, सगळीकडे हाच घोळ.

रंग शिल्लक असता तर लाल वर नेऊन जास्वंद उजळ करता आली असती, किंवा खाली आणून दुर्वांपेक्षा गडद. दोन्ही फोटो वेगळे झाले असते आणि दोन्ही चालले असते. मोनोक्रोम जेपेगमध्ये हा निर्णय कॅमेऱ्याने परस्पर घेतलेला असतो. कॅमेऱ्यातले पिवळा, लाल, हिरवा असे फिल्टर इफेक्टही जेपेगमध्ये कायमचे भाजले जातात.

मी काय करते, तर फाइल रॉ (सेन्सरने टिपलेला कच्चा माल, जसाच्या तसा) अधिक जेपेग ठेवते आणि पिक्चर स्टाइल, म्हणजे फोटो कसा दिसावा ही मेनूतली निवड, मोनोक्रोम. पडद्यावर काळंपांढरं दिसतं, त्यामुळे उजेड आणि आकार यांवर लक्ष राहतं. रॉ फाइलमध्ये रंग शाबूत असतो. रिको जीआर ३ सारख्या कॅमेऱ्यात तर रॉ फाइल कॅमेऱ्यातच वेगवेगळ्या मोनोक्रोम मोडमध्ये पुन्हा पुन्हा काढून बघता येते. घरी कॉम्प्युटरवर उघडल्यावर रॉ रंगीत दिसली तर घाबरू नका. "माझे ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगीत झाले" अशी धावपळ करत आलेली मुलं मी पाहिली आहेत. काही बिघडलेलं नसतं. कॅमेऱ्याची मोनोक्रोम सेटिंग ते सॉफ्टवेअर वाचत नाही, एवढंच.

कॅमेऱ्यात रॉ नसेल, आणि बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत नसतेच, तर रंगीत जेपेग काढा. कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस सगळ्यात खाली ठेवा आणि करडं करायचं काम घरी करा. पडद्यावर काळंपांढरं दिसण्याची सोय जाईल, पण जास्वंद वाचेल.

"रॉने कार्ड लवकर भरतं" हे कारण मला सांगू नका. कार्ड भरतंय म्हणजे बोट शटरवरून उठत नाहीये.

आणि रंग जपणं म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटशी बेइमानी, असंही मानू नका. सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीचा, एकेक पिक्सेल मुळात फक्त उजेड मोजतो. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची जाळी बसवलेली असते, निम्मे चौकोन हिरवे आणि पाव-पाव लाल-निळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ साली पेटंट मिळालं. लायकाच्या २०१२ सालच्या एम मोनोक्रोमसारखे ही जाळी नसलेले कॅमेरेही आहेत, पण ते आपल्या खिशाबाहेरचे. जाळीतून येणारा रंग हाच आपल्या करड्याचा कच्चा माल आहे.

बिघडलेला फोटो काळापांढरा करून वाचवणं

वाचत नाही. कंटाळवाणा उजेड काळ्यापांढऱ्यातही कंटाळवाणाच राहतो, उलट त्याला लपायला रंगही उरत नाही. दुपारी बाराला चर्चगेटसमोर काढलेल्या गर्दीच्या फोटोत विषय सापडत नसेल, तर तो रंग काढल्याने सापडणार नाही. काळंपांढरं करायचं हे शटर दाबण्याआधी ठरलेलं असावं.

पांढरं उडवणं

डबेवाल्यांचा फोटो प्रत्येकाला हवा असतो. पांढरी टोपी, पांढरा सदरा, ऊन तळपतंय, चेहरा सावळा आणि मागे स्टेशनची अंधारी कमान. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मिळून मधला करडा आहे असं धरून चालतो. कमानीचा अंधार बघून तो उजेड वाढवतो आणि सदरा कोऱ्या कागदासारखा पांढरा होतो. छोट्या सेन्सरवर एकदा उडालेलं पांढरं परत येत नाही. रंगीत फोटोत निदान बाकीच्या रंगांकडे नजर जाते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती त्या कोऱ्या तुकड्यावर जाऊन अडकते.

उलट बाजूही आहे. पांढऱ्या भिंतीसमोर पांढऱ्या साडीतली आजी उभी केली, की तोच मीटर दोघींना राखाडी करतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, वाढवावं लागतं. भाऊच्या धक्क्यावर ओल्या काळ्या लादीवर पापलेट मांडलेलं असेल तर कमी करावं लागतं, नाहीतर माशाची चांदी जाऊन नुसता पांढरा आकार उरतो.

कडक उन्हात पांढरे कपडे असले की माझं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे दोन-तृतीयांशवर असतं, आणि उडालेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना कायम चालू. ही सूचना जेपेगवर चालते, रॉमध्ये थोडं जास्त शिल्लक असतं. पण मी त्या थोड्यावर विसंबत नाही. सावली नंतर उचलता येते. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि पुढे दिल्लीच्या उन्हात पांढऱ्या खादीतली माणसं काढत राहिल्या, तेही पाठीमागे पडदा नसलेल्या कॅमेऱ्यांनी. त्यांचे फोटो समोर ठेवून खादीच्या चुण्या बघा. फोटो शिकणाऱ्याला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

सावळ्या माणसाला उजळ करणं

याचा मला मनापासून राग येतो. ससून डॉकवरच्या कोळणीचा फोटो घेतात आणि एडिट करताना नारिंगी स्लायडर, म्हणजे मूळ फोटोतला नारिंगी रंग करड्यात किती उजळ यावा ते ठरवणारी सरकपट्टी, वर ढकलतात. आपल्या त्वचेचा बहुतेक रंग लाल-नारिंगीत असतो, त्यामुळे चेहरा झटक्यात गोरा होतो. लाल फिल्टरचा इफेक्टही तेच करतो, शिवाय ओठ फिके पाडतो. तयार प्रीसेटमध्ये (एका क्लिकवर लागणाऱ्या सेटिंगच्या संचात) बऱ्याचदा हे आधीच भरलेलं असतं, आणि घाईत असलेला माणूस ते तपासत नाही. तिची त्वचा उन्हात, खाऱ्या वाऱ्यात तशी झाली आहे. ती पुसून टाकायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

प्रीसेट लावलाच तर आधी नारिंगी आणि लाल शून्यावर आणा, मग बघा. चेहरा काळवंडलेला वाटत असेल तर अडचण बहुतेक उजेडाची असते. सावळ्या त्वचेचं सौंदर्य तिच्यावरच्या चमकेत असतं: गालाचं हाड, कपाळ, नाकाची कड. उजेड बाजूने आला की ही चमक दिसते. समोरून किंवा डोक्यावरून आला की चेहरा सपाट होतो. चाळीच्या गॅलरीत सकाळी माणसाला कठड्याकडे थोडं वळून उभं करा, दुसरं काही लागत नाही. फेस डिटेक्शनमुळे कॅमेरा चेहरा आपसूक उजळ करत असेल, तर एक्स्पोजर एक-तृतीयांश कमी करा. आणि धक्क्यावर कॅमेरा वर करण्याआधी विचारा. लिलावाच्या वेळी त्या बायका कामात असतात.

क्लॅरिटीचा मारा

एका हौशी गटाने प्रदर्शनासाठी फोटो निवडायला मला बोलावलं होतं. नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वरळी कोळीवाड्याचा फोटो घेऊन आले. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, मागे जूनचे ढग. मोबाइलवर दाखवला तेव्हा सगळे वा वा म्हणाले. मी प्रिंट मागितली. त्यांनी मोठ्या हौसेने २० बाय ३० इंची काढून आणली होती. ती भिंतीला टेकवून ठेवली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं, की प्रत्येक डोलकाठीभोवती पांढरी कड आहे. घरांच्या छपरांभोवतीही तीच. ढगांत खरखरीत दाणे आणि होड्यांच्या पोटाखाली एकसंध काळं, ज्यात दोर नाही, वाळू नाही, काही नाही. क्लॅरिटी आणि स्ट्रक्चर दोन्ही शेवटपर्यंत ढकललेले. गृहस्थ गप्प झाले. भर पावसात उभं राहून त्यांनी तो काढला होता.

मी मूळ रॉ फाइल मागवली. उघडली तर त्यात फार देखणा उजेड होता. ढग फाटून आलेली एक मऊ तिरीप होड्यांच्या कडांवर पडलेली. हे स्लायडर कडांच्या आसपासचा कॉन्ट्रास्ट वाढवतात. थोडे सरकवले तर पोत उठतो, जास्त सरकवले तर गडद वस्तू आणि उजळ आकाश जिथे भिडतात तिथे कड पेटते. ती तिरीप या माऱ्यात पार मेली होती. मी काळा आणि पांढरा बिंदू बसवला, उजेड-सावलीचा तोल ठरवणाऱ्या कर्व्हला हलका बाक दिला, होड्यांखालची सावली ब्रशने थोडी उघडली आणि एका बाजूचं आकाश जरा दाबलं. एवढंच. तीच प्रिंट पुढे भिंतीवर लागली.

"ग्रिटी लूक हवा" असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की खडबडीतपणा समोरच्या वस्तूत असावा लागतो. मुंबईत तो हवा तेवढा आहे, वरून शिंपडायची गरज नाही.

माझ्या सवयी सांगते. क्लॅरिटीला मी शेवटी हात लावते आणि बहुतेक वेळा लावतच नाही. फोटो शंभर टक्के मोठा करून आकाशाला भिडणाऱ्या कडा तपासते, मग तिकिटाएवढा लहान करून बघते. लहान आकारात काळ्यापांढऱ्याचे ठोकळे नीट बसलेले दिसले तर मांडणी खरी आहे. आणि त्याच रात्री फोटो कोणालाही पाठवत नाही. रात्रीच्या अंधारात पडद्यापुढे बसलेला डोळा कॉन्ट्रास्ट वाढवत नेतो, सकाळी खरं कळतं.

हे सगळं जेपेगवर करू नका. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. ताणाताणी केली की जेपेगच्या पायऱ्या तुटतात आणि मऊ आकाशात पट्टे पडतात.

जे नाही ते आकाश गडद करणं

लाल फिल्टर लावला की आकाश काळंभोर होतं, हे कुठेतरी वाचलेलं असतं. मग मे महिन्यात मरीन ड्राइव्हवर फोटो काढून निळा स्लायडर पार खाली ओढतात, आणि काही होत नाही. कसं होईल? ते आकाश निळं नाहीच. दमट धुरकट पांढरं आहे आणि पांढऱ्यात सगळे रंग सारखेच. अशा दिवशी आकाश फ्रेममध्ये कमीत कमी घ्या, नजर खाली आणा: लाटा अडवणारे काँक्रीटचे टेट्रापॉड, कठड्यावर बसलेल्यांच्या पाठी, ओला रस्ता.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात खरं निळं आकाश मिळतं. तेव्हा राजाबाई टॉवरच्या पिवळसर कुर्ला दगडामागे निळा खाली आणि पिवळा थोडा वर, की मनोरा आपोआप सुटा होतो. पण इथेही हात आवरा. निळ्या चॅनेलमध्ये नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर, सगळ्यात जास्त असतो; फार ओढलं की आकाशात दाणे येतात आणि कडांवर पांढरी रेघ उमटते. रात्री पिवळ्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोत तर निळ्यात जवळपास काहीच नसतं, तिथे तो स्लायडर हलवूच नका. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) बदलला तर करडे बदलतात, हेही लक्षात ठेवा. तो आधी बसवा, मग रंगांचे स्लायडर.

थोडक्यात सांगण्यासारख्या

नॉइज रिडक्शन कमीत कमी ठेवा. रंगीत ठिपके करड्यात तसेही दिसेनासे होतात, उरतो तो दाणा, आणि तो शोभतो. प्लास्टिकसारखे गाल शोभत नाहीत.

अगदी छोट्या, १/२.३ इंची सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एफ ८, म्हणजे लेन्सचं भोक बारीक, ठेवून "सगळं शार्प" मिळत नाही. बारीक भोकातून उजेड पसरतो, त्या डिफ्रॅक्शनने सगळंच मऊ होतं. तिथे लेन्स जवळजवळ उघडी ठेवा, इतक्या छोट्या सेन्सरवर तरीही बहुतेक सगळं फोकसमध्ये असतं.

मोठ्या एपीएस-सी सेन्सर आणि २८ मिमी दृष्टिकोन असलेल्या कॅमेऱ्यावर मात्र एफ ८ आणि दोन मीटरवर अडकवलेला फोकस हे उत्तम जोडपं आहे. साधारण एक मीटरपासून पुढचं बहुतेक सगळं येतं आणि क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत ऑटोफोकस चाचपडत बसत नाही.

डिजिटल झूम बंद करा. चार पावलं पुढे जा.

भर उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावरून उजेड ठरवू नका, उजेड-सावलीचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, बघा. घरी मोबाइल किंवा लॅपटॉपचा रात्रीचा पिवळा मोड बंद करूनच एडिट करा.

प्रिंटच्या वेळी

पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून एडिट केलेला फोटो कागदावर काळोखा येतो. मी पडद्याचा उजेड निम्म्याच्या आसपास ठेवते आणि सावल्या जरा उघड्या सोडते. सावलीतली शेवटची छटा कागदावर बहुतेक टिकत नाही. नेहमीच्या लॅबमध्ये ब्लॅक अँड व्हाइटही रंगीत कागदावरच छापतात, त्यामुळे करड्यात हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते. मोठी प्रिंट सांगण्याआधी तीच फाइल लहान आकारात काढून घ्या आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नव्हे, दारात येऊन दिवसाच्या उजेडात बघा. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या. झाक दिसली तर सांगायला लाजू नका, चांगला लॅबवाला दुरुस्त करून देतो.

धुकं आणि डाग

एसी लोकलमधून उतरून लगेच कॅमेरा काढला आणि सगळे फोटो दुधाळ आले, तर ती लेन्सवरची वाफ असते. उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा बंद बॅगेतच राहू द्या. सदऱ्याने लेन्स पुसून घाई केली तर वाफ पुन्हा येते आणि चरे मात्र कायमचे पडतात. पावसाळ्यात कॅमेरा कापडी पाऊचमध्ये ठेवून विसरलात तर काचेत बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा, पुड्या मधूनमधून बदला आणि पावसाळ्यातही कॅमेरा वापरत राहा.

प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी गडद ठिपका दिसत असेल तर लेन्स पुसून उपयोग नाही, तो सेन्सरवरचा कण आहे. आतबाहेर होणारी लेन्स हवेबरोबर धूळ ओढते, आणि गिरगाव चौपाटीची बारीक वाळू यात सगळ्यात वाईट. खात्री करायची तर सगळ्यात छोट्या अ‍ॅपर्चरवर (लेन्सच्या भोकावर) कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोकसबाहेरचा फोटो काढा. ठिपका तिथेच असेल तर कण नक्की. रंगीत फोटोत तो खपून जातो, कॉन्ट्रास्ट वाढवलेल्या करड्या आकाशात नाही. लेन्सच्या फटीत ब्लोअर मारू नका, कण आणखी आत जातो. तात्पुरता हीलिंग ब्रशने काढा आणि कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे द्या. देण्याआधी "आतला सेन्सर साफ करता का?" असं स्पष्ट विचारा; काही जण नुसती पुढची काच पुसून परत देतात.